विस्कटलेल्या अक्षरांतून शब्दसिद्धी : घटक, रूप आणि गुण

विस्कटलेली काही अक्षरे पुढ्यात घ्यावयाची आणि त्यांतून जास्तीत जास्त गुण मिळवून देणारा शब्द सिद्ध करावयाचा, हा खेळ वरवर पाहता निव्वळ करमणुकीचा वाटतो. प्राथमिक शाळेतील ‘दिलेल्या अक्षरांपासून शब्द तयार करा’ हा स्वाध्याय त्याच जातीचा आहे, आणि पाश्चात्त्य देशांतून आलेला स्क्रॅबल हा सोंगट्यांचा खेळही त्याच जातीचा. परंतु ज्या क्षणी कोणी अशा शब्दाला गुण देऊ लागतो, त्या क्षणी तो भाषेविषयी काही सिद्धांत गृहीत धरीत असतो. एक ‘अक्षर’ म्हणजे काय, कोणते अक्षर दुर्मिळ आणि कोणते सुलभ, कोशातील मूळ शब्दच शब्द मानावयाचा की त्याची विकारी रूपेही, या प्रश्नांची उत्तरे गुण देणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेली असतात. पुष्कळदा ती इंग्रजीवरून उसनी घेतलेली असतात. ही उत्तरे मराठीस कितपत लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात एका लहानशा उदाहरणाच्या आधारे केला आहे.

उदाहरणासाठी घेतलेला शब्द एका गावाचे नाव आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यात, नगरहून पाथर्डीस जाणाऱ्या रस्त्यावर तिसगाव हे गाव लागते. याच नावाची अन्य गावेही महाराष्ट्रात आहेत. नावाची व्युत्पत्ती हा येथील विषय नव्हे. त्याची घडण तेवढी प्रयोजनाची आहे. चार अक्षरे, त्यांपैकी एकास पहिली वेलांटी, एकास काना, आणि उरलेली दोन मोकळी. इतक्या थोडक्या सामग्रीत मराठी लेखनाच्या बहुतेक अडचणी एकत्र आल्या आहेत.

प्रथम इंग्रजी खेळाची पद्धत पाहणे इष्ट ठरेल. अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स हा वास्तुशिल्पज्ञ मंदीच्या काळात बेकार झाला असता १९३० नंतरच्या वर्षांत त्याने हा खेळ रचला. जेम्स ब्रुनो याने १९४८ साली त्यास स्क्रॅबल हे नाव देऊन तो बाजारात आणला. बट्सने वृत्तपत्रांची पाने घेऊन त्यांतील अक्षरे मोजली आणि जे अक्षर वारंवार येते त्यास कमी गुण, जे क्वचित येते त्यास अधिक गुण, असे प्रमाण बांधले. एकूण १०० सोंगट्या, त्यांपैकी २ कोऱ्या. पट १५ गुणिले १५ घरांचा. प्रत्येक खेळाडूच्या हाती ७ सोंगट्या. ‘ई’ या अक्षराच्या १२ सोंगट्या असून प्रत्येकीस १ गुण आहे. ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांची प्रत्येकी एकच सोंगटी असून तिला १० गुण आहेत. ‘एस’ या अक्षराच्या मात्र ४ सोंगट्याच ठेवल्या आहेत. केवळ अनेकवचनाचा प्रत्यय जोडून गुण मिळविण्याची वाट फार सोपी होऊ नये, हे त्याचे कारण सांगितले जाते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती वारंवारतेच्या हिशेबात बसत नाही. व्याकरणाची भीती बट्सलाही वाटली होती.

अक्षरे मोजण्याची ही कल्पना छापखान्यांना जुनीच होती. खिळेजुळाऱ्याच्या केसमधील खण सारखे नसत. जो खिळा सतत लागतो त्याचा खण मोठा व हाताजवळचा, जो क्वचित लागतो त्याचा लहान व दूरचा. परंतु रोमन खिळ्यांच्या केसमध्ये एक खण म्हणजे एक वर्ण हे समीकरण सरळ होते. देवनागरीत ते तसे कधीच नव्हते. अक्षरास काना-मात्रेसह अखंड ओतावयाचे की त्याचे तुकडे करावयाचे, यावर टंकनिर्मात्यांनी एक शतकाहून अधिक काळ डोके खपविले. शब्दांच्या खेळातला पहिला प्रश्न नेमका तोच आहे: सोंगटीवर काय लिहावयाचे?

मराठी मनुष्याची सहजबुद्धी या बाबतीत काय सांगते, हे त्याच्या परंपरागत खेळांवरून कळते. मुलांच्या ‘च’च्या भाषेत शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी नेतात आणि आरंभी ‘च’ लावतात. तिसगावचे ‘चसगावति’ होते. वेलांटी ‘त’ला सोडून मागे राहत नाही. ‘प्रकाश’चे ‘चकाशप्र’ होते. जोडाक्षर फुटत नाही. ज्या मुलांनी व्याकरणाचे पुस्तक उघडलेले नाही ती मुलेदेखील अक्षर हा स्वरासहित अखंड घटक मानतात, हे यावरून स्पष्ट दिसते. वृत्तपत्रांतील शब्दकोड्याच्या एका चौकोनातही काना, वेलांटी वा जोडाक्षर यांसह एक पूर्ण अक्षर बसते. उलट गाण्यांच्या भेंड्यांत मागील गाणे ‘री’वर संपले तरी ‘र’पासून सुरू होणारे कोणतेही गाणे बहुधा चालते, तेथे स्वर गळून केवळ व्यंजन उरते. म्हणजे एकाच समाजात, एकाच लिपीत, ‘अक्षर’ या शब्दाचे निदान दोन व्यावहारिक अर्थ सुखाने नांदत आहेत. कवींनी तर याहून सूक्ष्म भेद पाळले. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) अनेक रामायणांपैकी निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्णच वर्ज्य आहेत. तेथे घटक अक्षरही नव्हे आणि व्यंजनाचे लिखित चिन्हही नव्हे, तर उच्चारस्थान हा आहे.

पूर्ण अक्षर हा घटक धरला तर खेळ जवळजवळ थांबतो. ‘ति’, ‘स’, ‘गा’, ‘व’ या चार सोंगट्यांची चारही वापरून मांडणी २४ प्रकारांनी होते आणि त्यांपैकी मूळ नावाखेरीज एकही मांडणी अर्थपूर्ण नाही. कमी सोंगट्या घेतल्यास ‘गाव’, ‘सगा’ असे एकदोन शब्द हाती येतात. शिवाय अशा सोंगट्या किती कराव्या लागतील? ३४ व्यंजनांची बाराखडी लिहिली तरी ४०८ अक्षरे होतात. २००९च्या शासननिर्णयानंतर ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर धरून चौदाखडी मानली तर ४७६. आणि जोडाक्षरे अजून बाहेरच आहेत. १०० सोंगट्यांच्या पिशवीत ही गर्दी मावणे शक्य नाही.

वारंवारता मोजण्याच्या कामीही पूर्ण अक्षर हा घटक अडचणीचा ठरतो. ‘गावातल्या बाजारात सकाळपासून माणसांची वर्दळ वाढत गेली’ हे एक साधे वाक्य घेऊन पाहावे. त्यात २६ अक्षरे आहेत. पूर्ण अक्षरे वेगवेगळी मोजली तर त्यांतील २२ भिन्न निघतात. ‘त’ तीनदा, ‘वा’ आणि ‘ळ’ दोनदोनदा, बाकी सारी एकेकदा. म्हणजे जवळजवळ प्रत्येक अक्षर सारखेच दुर्मिळ! परंतु चिन्हे सुटी करून मोजली की चित्र पालटते: या २६ अक्षरांपैकी ११ अक्षरांना काना आहे. एका वाक्यावरून भाषेची सरासरी काढता येत नाही हे उघड आहे. पण घटक बदलला की दुर्मिळतेची कल्पनाच कशी बदलते हे दाखविण्यास ते पुरेसे आहे. जाता जाता हेही नमूद करावे की ‘ळ’ हा वर्णमालेच्या शेवटी बसविलेला असला तरी मराठीत तो मुळीच विरळ नाही. उलट ‘ङ’ हा वर्ण ‘वाङ्मय’सारख्या मोजक्या शब्दांपलीकडे स्वतंत्रपणे लिहिलाच जात नाही, आणि ‘ञ’ तर त्याहूनही कमी. इंग्रजी प्रमाणाने यांस १० गुण द्यावे लागतील. पण ज्या सोंगटीचा शब्दच होत नाही तिचे गुण कागदावरच राहावयाचे. दुर्मिळता आणि उपयुक्तता या दोन गोष्टी एक नव्हेत.

यास्तव व्यंजन एक सोंगटी आणि स्वरचिन्ह दुसरी सोंगटी, हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. संगणकाच्या युनिकोड या संकेतव्यवस्थेतही काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांना स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत. या हिशेबाने तिसगाव या नावात ६ सोंगट्या होतात: त, स, ग, व, पहिली वेलांटी आणि काना. आता सामग्री एकाएकी समृद्ध होते. गाव, वास, तास, सात, साग, ताव, वात, तवा, वसा, गवत, सवत हे शब्द सहज निघतात. वग या लोकनाट्यप्रकाराचे सप्तमीचे रूप ‘वगात’ आणि द्वितीयेचे ‘वगास’ ही दोन्ही निघतात. आणि पाच सोंगट्यांचे चार शब्द सापडतात: सविता, विसात, गवतास आणि गवसता.

या चारांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. ‘सविता’ आणि ‘विसात’ यांच्या सोंगट्या अगदी त्याच आहेत. ‘गवतास’ आणि ‘गवसता’ यांच्याही परस्परांशी त्याच आहेत. कोणत्याही वारंवारतेवर आधारलेल्या पद्धतीत प्रत्येक जोडीतील दोन्ही शब्दांस सारखेच गुण मिळणार. परंतु त्यांची जात सारखी नाही. ‘सविता’ हा तत्सम शब्द कोशात जसाच्या तसा आहे. तो ज्यास ठाऊक आहे त्यास तो दिसतो, ज्यास नाही त्यास दिसत नाही. ‘विसात’ हे ‘वीस’ या संख्यावाचकाचे सप्तमीचे रूप. ‘विसात पाच मिळविले म्हणजे पंचवीस’ असे प्रत्येक मूल म्हणते. ‘गवतास’ हे नामाचे द्वितीया-चतुर्थीचे रूप; आणि ‘गवसता’ हे गवसणे या धातूचे संकेतार्थी रूप, ‘तो गवसता तर बरे झाले असते’ अशा वाक्यातले. एक शब्दसंपत्तीची परीक्षा घेतो. बाकीचे तीन रूपसिद्धीची.

त्यातही ‘विसात’चे वैशिष्ट्य निराळे आहे. ज्या शब्दाचे ते रूप, तो मूळ शब्द ‘वीस’ या सोंगट्यांतून होतच नाही, कारण त्यास दुसरी वेलांटी लागते आणि ती हाती नाही. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार वा उकार दीर्घ असतो आणि प्रत्यय लागून सामान्यरूप झाले म्हणजे तो ऱ्हस्व होतो. गरीब–गरिबास, फूल–फुलात, तद्वतच वीस–विसात. तेव्हा कोशातील शब्द आठवून त्यांची अक्षरे सोंगट्यांशी ताडून पाहणारा खेळाडू ‘विसात’ कधीही शोधू शकणार नाही. तो शब्द सापडावयाचा तर आधी रूप सुचले पाहिजे आणि मग मूळ. इंग्रजी शोधपद्धती याच ठिकाणी मराठीत अपुरी पडते. तेथे विकारी रूप म्हणजे बहुतांशी मूळ शब्द अधिक शेपूट. येथे प्रत्यय लागताना मूळ शब्दाचे अंगच पालटते.

आता सहाही सोंगट्या वापरून दुसरा शब्द होतो काय? सहा भिन्न सोंगट्यांचे अनुक्रम ७२० होतात. परंतु स्वरचिन्ह व्यंजनावाचून उभे राहू शकत नाही आणि एका व्यंजनावर दोन स्वरचिन्हे बसत नाहीत. चार व्यंजनांचे २४ क्रम, वेलांटीस चार जागा, मग कान्यास तीन; अशा वाचता येण्याजोग्या मांडण्या २८८ उरतात. लिपीच्या घडणीनेच निम्म्याहून अधिक अनुक्रम बाद केले. पुढे शुद्धलेखन आणखी चाळण लावते. मराठी साहित्य महामंडळाने ठरविलेल्या आणि १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या नियमांप्रमाणे इकारान्त व उकारान्त शब्द दीर्घान्त लिहावयाचे. आणि, नि, तथापि, इति यांसारखे अपवाद मोजके आहेत व ते येथे संभवत नाहीत. म्हणून पहिली वेलांटी शेवटच्या व्यंजनावर येऊ शकत नाही. संख्या २१६ वर येते. ‘गति’, ‘वसति’ असे जुने लेखन ग्राह्य धरणारा खेळाडू आणि ‘गती’, ‘वसती’ असे लिहिणारा खेळाडू हे या बाबतीत दोन वेगळे खेळ खेळत असतात.

२१६ मांडण्या एकामागून एक तपासण्याची गरज मात्र नाही. कसलेला खेळाडू अक्षरांच्या मधोमध पाहत नाही. तो दोन्ही टोके बांधतो. मराठी शब्दाच्या अखेरीस काय येते? हाती असलेल्या सोंगट्यांतून ‘-ास’, ‘-ात’ आणि ‘-ता’ हे तीन शेवट संभवतात. ‘-ता’ घेतल्यास उरलेल्या ग, व, स यांच्या १८ मांडण्या होतात व त्यांत रूढ शब्द दिसत नाही. ‘-ात’ घेतल्यास १२, त्यांतही नाही. ‘-ास’ घेतल्यास पुन्हा १२. आता आरंभाकडे वळावे. वेलांटी कोठेतरी अलीकडच्या अक्षरावर यावयाची आहे, आणि इकारयुक्त आरंभांत मराठीतील सर्वांत फलदायी आरंभ म्हणजे ‘वि’ हा उपसर्ग. ‘वि’ आरंभी, ‘-ास’ अखेरीस. मधे उरले ग आणि त. मांडण्या दोनच राहिल्या: ‘वितगास’ आणि ‘विगतास’.

‘विगत’ म्हणजे होऊन गेलेला. त्याचे नामासारखे वापरून केलेले रूप ‘विगतास’. तिसगाव या नावाची अक्षरे, एकही न टाकता व एकही न वाढविता, या शब्दात येतात. संगणक हेच काम किल्लीच्या पद्धतीने करतो: प्रत्येक शब्दाची चिन्हे वर्णक्रमाने लावून ठेवावयाची. दोन्ही शब्दांची किल्ली ‘ग, त, व, स, काना, पहिली वेलांटी’ अशी एकच होते आणि दोन्ही शब्द एकाच खणात पडतात. पण यंत्राच्या यादीत ‘विगतास’ हे रूप कोणीतरी आधी घातलेले असावे लागते. कोशात ‘विगत’ असतो, ‘विगतास’ नसतो. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) घ्यावा किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–१९३८) घ्यावा. मूळ शब्दांची यादी करणे हेच कोशकाराचे काम आहे, रूपांची यादी करणे नव्हे.

याच १२ मांडण्यांत ‘गतिवास’ हीदेखील एक आहे, आणि ती वादाचे मूळ आहे. समासात पूर्वपद तत्सम असल्यास त्यातील इकार ऱ्हस्व राहतो, म्हणून लेखनदृष्ट्या तिच्यात दोष नाही. गतीमध्ये वास असा काही विग्रहही एखादा पंडित करून दाखवील. परंतु हा शब्द कोणी वापरीत नाही. समास करण्याची मोकळीक ही मराठीची आणि तिच्यामागे संस्कृतची शक्ती आहे. खेळात तीच मोकळीक पळवाट बनते. व्यवहारात न आढळणारा समास नाकारावा, हा दंडक कडक वाटला तरी आवश्यक आहे.

‘विगतास’विषयीही एक आक्षेप रास्त आहे. चतुर्थीचा ‘-स’ हा प्रत्यय आज बहुतांशी ग्रंथांपुरता उरला आहे. बोलताना ‘गवताला’, ‘गावाला’ असेच म्हणतात. नगर जिल्ह्यातील शेतकरी ‘गवतास’ म्हणणार नाही. म्हणजे सर्वाधिक गुणांचा जो शब्द सापडला तो कोणाच्या तोंडी नाही. शाळेतील स्वाध्यायास ही गोष्ट विशेष लागू पडते. ‘विसात’ लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर कोशात नाही म्हणून खोडले आणि कोशात आहे म्हणून ‘सविता’ मान्य केले, तर आपल्या बोलीचे व्याकरण अचूक चालविणारे मूल मागे पडते आणि पाठांतर करणारे पुढे जाते. ज्या घरांत ‘पाणी’चा उच्चार ‘पानी’ होतो त्या घरांतल्या मुलास ‘न’ची सोंगटी मिळाली तर तो निःशंकपणे ‘पानी’ मांडील. त्याच्या कानाने त्याला फसविलेले नसते. अशा परीक्षेतील गुण शब्दसंपत्तीचे नसून प्रमाणलेखनाशी असलेल्या परिचयाचे असतात, आणि ते तसे आहेत हे गुणपत्रकावर कोठेही लिहिलेले नसते.

उच्चाराचा प्रश्न याहून खोल जातो. लेखनात ‘तिसगाव’ आणि ‘विगतास’ यांची चिन्हे तंतोतंत जुळतात. उच्चारात जुळत नाहीत. तिसगाव हे नाव ‘तिस्गाव्’ असे उच्चारले जाते: स आणि व यांतील अकार लोपतो. उच्चारित वर्ण सहा: त्, इ, स्, ग्, आ, व्. ‘विगतास’मध्ये अखेरचा अकार लोपतो, पण ‘वि’ हा उपसर्ग व ‘गत’ हा शब्द यांची सीमा जाणवत असल्याने ‘ग’मधील अकार टिकतो, उच्चारित वर्ण सात होतात. मूळ नावात एकदाही ऐकू न येणारा अकार येथे कोठून आला? तो लिपीने पुरविला. देवनागरीतील मोकळे व्यंजन हे सुप्त अकाराचे कोठार आहे. तो केव्हा उच्चारावयाचा व केव्हा गाळावयाचा हे चिन्हांवरून नव्हे, तर शब्द पूर्ण ओळखल्यावरच कळते. ‘गवत’ म्हणताना ‘व’मधील अकार स्पष्ट असतो, ‘गवतास’ म्हणताना तो गळून ‘गव्तास्’ होते, ‘गवसता’मध्ये तोच अकार पुन्हा उभा राहतो आणि ‘स’चा लोपतो. विस्कटलेल्या मराठी अक्षरांकडे पाहणाऱ्यास शब्द ‘ऐकू’ येण्यास वेळ का लागतो, याचे एक कारण यात आहे: क्रम लागेपर्यंत कोणत्या व्यंजनास स्वर आहे हेच निश्चित नसते. उच्चारित वर्ण हाच घटक मानून खेळावयाचे ठरविले, तर तिसगावच्या सहा वर्णांतून ‘विसात’ होतो, ‘तास’ होतो, पण ‘सविता’, ‘गवत’, ‘सवत’ यांपैकी एकही होत नाही; त्यांना लागणारा अकार शिल्लकच नाही.

पहिल्या वेलांटीचे स्थान ही आणखी एक गंमत. ती उच्चारात व्यंजनानंतर येते व लेखनात त्याच्या डावीकडे बसते. आडव्या ओळीत ही सोंगटी व्यंजनाच्या आधी ठेवावयाची की नंतर, आणि उभ्या ओळीत तिचे काय करावयाचे, हे प्रथमच ठरवावे लागते. लखनौच्या १९५३ सालच्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे लिहावी असे सुचविले होते. ती सूचना टिकली नाही. टिकली असती तर सोंगट्या करणाऱ्यांचे काम हलके झाले असते, वाचणाऱ्यांचे झाले असते असे मात्र म्हणवत नाही.

सामग्रीत एखादे चिन्ह वाढले म्हणजे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. या सहा सोंगट्यांत पाय मोडण्याच्या चिन्हाची भर घातली की ‘स्वगत’ आणि ‘स्वागत’ हे दोन शब्द एकदम उघडतात; ‘स्वागत’ला सातांपैकी सहा सोंगट्या लागतात. दुसरी भर इतिहासाने घालून ठेवली आहे. १९६२ पूर्वीच्या लेखनात ‘गांव’ या शब्दावर अनुस्वार देत असत; तो उच्चारात उरलेला नव्हता, व्युत्पत्तीची खूण म्हणून राहिला होता. त्या लेखनाप्रमाणे तिसगांवच्या सोंगट्या सात. त्यांतून ‘वसंत’, ‘संगत’, ‘सवंग’ आणि ‘तवंग’ हे शब्द निघतात. ‘तवंगास’ या रूपास सहा सोंगट्या लागतात आणि ‘विसंगत’ या शब्दासही सहा. नव्या नियमांनी हा अनुस्वार काढून टाकला तेव्हा गाव तेच राहिले, उच्चार तोच राहिला, पण त्याच्या नावातून निघणारी शब्दांची एक शाखाच बंद झाली. ज्यांच्या घरी मोल्सवर्थ आहे आणि ज्यांच्या घरी आजचे पाठ्यपुस्तक आहे, अशा दोघांनी एका पटावर बसण्यापूर्वी कोणते वर्ष खेळावयाचे हे ठरविणे बरे.

गुणांकनाविषयी यावरून काही सूचना करता येतात. समजा त, स आणि काना यांस १ गुण, आणि ग, व व पहिली वेलांटी यांस २ गुण दिले. ‘विगतास’ला ९ गुण मिळतील, सविता, विसात, गवतास व गवसता या चारही शब्दांस प्रत्येकी ७. हे अंक केवळ उदाहरणादाखल आहेत, पण त्यांतील दोष उदाहरणापुरता नाही. वारंवारतेच्या कोष्टकाने या चारांतील फरक दाखविता येत नाही, आणि भाषाभ्यासकास स्वारस्य आहे ते नेमके या फरकात. बट्सने ‘एस’ची संख्या रोखून धरली, तसा मराठीत काना, स आणि त यांना अटकाव करावा असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु मराठीत प्रत्यय लावणे हे इंग्रजीतील अनेकवचनासारखे फुकटचे काम नाही. गवत–गवतास सोपे, वीस–विसात यात इकार बदलतो, ‘सवत’ला तर ‘-ास’ लागतच नाही, ‘सवतीस’ व्हावे लागते आणि त्यासाठी दुसरी वेलांटी पाहिजे. जो खेळाडू ‘सवतास’ मांडतो तो लिंग व सामान्यरूप यांविषयी चुकतो. म्हणून मूळ शब्दास अक्षरांचे गुण आणि ज्या रूपात मूळ शब्दाचे अंग पालटले आहे त्यास वेगळे अधिक गुण, अशी दुहेरी व्यवस्था मराठीस अधिक मानवेल. पदव्युत्तर वर्गात रूपविचार शिकविताना अशा व्यवस्थेचा उपयोग होण्यासारखा आहे. विद्यार्थ्याने प्रत्येक शब्दापुढे त्याचे मूळ, प्रत्यय आणि झालेला विकार लिहावा, आणि गुण त्या तीन रकान्यांस द्यावेत.

अशा कामासाठी आधी लागेल ती रूपांची यादी. एका ‘गवत’ शब्दाची गवतास, गवताला, गवताने, गवताचा, गवताची, गवताचे, गवतात ही रूपे, त्यांना लागणारी शब्दयोगी अव्यये, पुढे ‘च’ आणि ‘ही’. ‘गवतावरचाच’ येथवर ही वाढ जाते. ती सरसकट ग्राह्य धरली तर पटाची १५ घरे एका शब्दानेच भरू लागतील. सीमा कोठे घालावयाची? ‘-स’, ‘-ला’, ‘-ने’, ‘-त’ यांसारख्या विभक्तिप्रत्ययांपर्यंतची रूपे घ्यावीत आणि शब्दयोगी अव्यये जोडलेली सोडावीत, हा तोडगा सध्या सोयीचा दिसतो. षष्ठीच्या ‘-चा, -ची, -चे’ यांचा निकाल मात्र त्याने लागत नाही, कारण त्या प्रत्ययाने झालेले रूप पुन्हा विशेषणासारखे विकार पावते, आणि ‘गवताचा’पासून ‘गवताच्या’ व तेथून ‘गवताच्यात’ निघते.